सेकंडहँड ब्रेझा डिझेल, २०१७, रनिंग ९२ हजार. घ्यावी का? (डस्टर पण बघून ठेवलीय)

कुंभार्लीकर:
नमस्कार मंडळी. थोडं लांब लिहितोय पण सगळी माहिती एकदाच दिलेली बरी. मी चिपळूणला असतो, आई-वडील कराडला धाकट्या भावाकडे, त्यामुळे कुंभार्ली घाट आमच्या पाचवीलाच पुजलेला. सध्या जुनी ऑल्टो आहे. एकटा असलो तर मस्त पळते, पण चार माणसं, मागे सामान आणि एसी चालू म्हटलं की घाटात दुसऱ्या गिअरवर पण रडते. बजेट सहा-साडेसहा लाख, त्यात नवीन कॉम्पॅक्ट एसयूव्ही येत नाही, म्हणून जुनीच बघतोय.

दोन गाड्या मनात आहेत. एक ब्रेझा व्हीडीआय (डिझेलचं खालच्यातलं व्हेरियंट) २०१७, एमएच ०९ पासिंग, सेकंड ओनर, मीटरवर ९२ हजार, कोल्हापूरच्या डीलरकडे आहे, ५.९० म्हणतोय. दुसरी डस्टर ११० पीएस २०१६ची, पुण्यातली, एकच मालक, ८० हजारच्या आसपास, सव्वाचार म्हणतोय. फोर्डची इकोस्पोर्ट पण सुचवतात लोक पण कंपनीच भारतातून गेली म्हणून घरचे नको म्हणतात.

ज्यांनी या गाड्या लाखाच्या पुढे चालवल्यात त्यांनी सांगा की नेमकं काय काय निघतं. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून डोकं फिरलंय, सगळे नवीन गाडीचे, आठ वर्षांनी काय होतं ते कोणी सांगत नाही.

डिझेल_अण्णा:
ब्रेझा झेडडीआय आहे माझ्याकडे, पहिल्यापासून मीच मालक, आता दीड लाखाच्या पुढे गेली. सातारा-मुंबई आणि मधूनमधून कोकण. इंजिन अजून उघडलेलं नाही. ते १.३ चं डिझेल मुळात फियाटचं मल्टिजेट, तेच स्विफ्ट, डिझायर, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो सगळ्यांत होतं, लोक उगाच नाही नॅशनल इंजिन म्हणायचे. फायदा काय, तर पाटण असो नाहीतर देवरूख, कुठल्याही फिटरने हे इंजिन आयुष्यात दहा वेळा तरी खोललेलं असतं आणि पार्ट कुठेही मिळतो. जुन्या गाडीत मला हेच सगळ्यात मोठं वाटतं बघ.

आता घाटाचं. ९० पीएस आणि २०० एनएम कागदावर छान दिसतं पण टर्बो दोन हजार आरपीएमच्या खाली झोपलेला असतो. कुंभार्लीच्या वळणावर पुढे एसटी आली, तू तिसऱ्यावर राहिलास आणि आरपीएम पडला की गाडी एकदम मेल्यासारखी होते. मग माणूस हाफ क्लच मारतो. इथेच क्लच जातो या गाड्यांचा. घाटातल्या गाडीला ६०-७० हजारात प्लेट मागेल, हायवेवाल्याला लाख-सव्वालाख सहज जाते. माझी एकदा बदलून झालीय, पूर्ण सेट टाकला. सवय एकच लाव, वळणाच्या आधी दुसरा टाकायचा, वळणात नाही.

बाकी निघतं ते म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचे लिंक रॉड, बुश, स्ट्रटचे माउंटिंग. कोकणातल्या रस्त्यांवर ते कुठल्याही गाडीचे जाणारच. अ‍ॅव्हरेज कंपनी २४.३ सांगायची, मला हायवेला २०, घाटात १६-१७. मागची सीट तिघांना ठीक, डिकी ३२८ लिटर, गणपतीला जाताना कमी पडते हे आधीच सांगतो.

आणि व्हीडीआय म्हणतोयस तर एअरबॅग मोजून घे. सुरुवातीच्या खालच्या व्हेरियंटला दोन्ही एअरबॅग आणि एबीएस सरसकट नव्हते, ऑप्शनल पॅक घेतलेल्यांनाच होते. २०१८ला ग्लोबल एनकॅपच्या टक्कर-चाचणीत चार स्टार आले ते दोन एअरबॅग आणि एबीएसवाल्या गाडीला, त्यामुळे डीलरने स्टार सांगितले म्हणून भाळू नकोस.

पुण्याचा_पंत:
नऊ वर्षं जुनी डिझेल सहा लाखाला? त्यात थोडी भर घाल आणि नवीन पेट्रोल हॅचबॅक घे, वॉरंटीसकट, शांत झोप लागेल. "एसयूव्ही" हे खूळ आहे. चार मीटरच्या आतली गाडी थोडी उंच केली की ती एसयूव्ही होत नाही.

कुंभार्लीकर:
@पंत, झोपेचं मान्य पण आमच्या घरापर्यंतचा शेवटचा एक किलोमीटर बघायला या एकदा पावसाळ्यात. ऑल्टोचं पोट किती वेळा घासलंय ते आम्हालाच माहीत. ग्राउंड क्लिअरन्स हवाच. आणि जुनं पेट्रोल घ्यायचं तर आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलवालं) शिवाय दुसरं सहसा मिळत नाही, २०२३च्या आधीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनलेल्याच नाहीत, तेही डोक्यात आहेच. नवीन हॅचबॅक वाईट नाही हो, पण माझी गरज वेगळी आहे.

दहाबाराचा_पाना:
कोल्हापुरात गॅरेज आहे, म्हणून एमएच ०९ वाचलं आणि थांबलो. भावा, बाकी सगळं सोड, पहिला प्रश्न हा की ही गाडी ऑगस्ट २०१९ला कुठं उभी होती? त्या पुरात कोल्हापूर-सांगलीच्या कितीतरी गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या. २०२१च्या जुलैला परत पाणी आलं, तुमच्या चिपळूणला तर २२ जुलैला काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. त्यातल्या बऱ्याच गाड्या विम्यात टोटल लॉस झाल्या, म्हणजे कंपनीने मालकाला पैसे दिले आणि गाडी भंगाराच्या भावात लिलावात गेली. पण भंगारात सगळ्या गेल्या नाहीत. धुतल्या, वाळवल्या, सीट कव्हर नवीन टाकली आणि फिरतायत गावोगाव. इंजिन दुरुस्त होतं हो, त्याचं काही नाही, पण वायरिंग आणि सेन्सरला एकदा पाणी लागलं की तो आजार आयुष्यभराचा. आज काच खाली होत नाही, उद्या एअरबॅगची लाईट, परवा मधेच बंद. आणि फॉल्ट सापडत नाही, आम्ही पण हात टेकतो.

कशी ओळखायची ते सांगतो. पाचही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढ, एकदम रिळापर्यंत, तिथं मातीची रेघ किंवा डाग राहतो, धुणारा तिथवर जात नाही. डिकीतली स्टेपनी काढ आणि खालच्या खड्ड्यात बघ, कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ असतो. सीटच्या रेल आणि सीटखालचे बोल्ट, सीटच्या मापाने गंज जास्त वाटला तर शंका घे. डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्च मार, ब्रॅकेट आणि कनेक्टरवर हिरवट-पांढरं धरलंय का बघ. कार्पेटचा वास घे, अत्तर भरपूर मारलेलं असेल तर जास्तच घे. हेडलाईटच्या आत पाण्याची रेघ, आणि एकच हेडलाईट नवीन असेल तर ती ठोकलेली आहे ते वेगळं.

कागदावर पण सापडतं. पहिल्या मालकाच्या विम्याच्या जुन्या पॉलिस्या माग. नो क्लेम बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५, ५० असा चढतो. २०१९-२० किंवा २१-२२च्या रिन्यूअलला तो एकदम शून्यावर आला असेल तर आधीच्या वर्षी क्लेम झालाय, मग कशाचा क्लेम ते विचार. बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून दुसऱ्या मालकाची पॉलिसी बघून उपयोग नाही, पहिल्याचीच पाहिजे. काहीजण बोनस वाचवायचं कव्हर घेतात, त्यांचं या पद्धतीनं कळणार नाही, म्हणून सीट बेल्ट ओढायचाच.

मग इंजिन. जाण्याआधी फोन करून सांग की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि गेल्यावर पहिला हात बोनेटवर. गरम असेल तर परत दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिनला स्टार्टर मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद पुढून साखळीसारखी खडखड आली तर टायमिंग चेन ढिली झालीय. या इंजिनला बेल्ट नाही, चेन आहे, लोक म्हणतात चेन आयुष्यभर जाते. जाते, पण ऑइल वेळेवर बदललं तर. दहा हजाराला बदलायचं ऑइल वीस हजार चालवलं की ती ताणते. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढ, थोडा वारा येतोच, पण भसाभस धूर आला तर पिस्टन रिंग गेल्यात. मागून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. एकदम दाबल्यावर किंचित काळा आला तर एवढं काही नाही, जुन्या डिझेलला चालतं.

क्लच बघायचा तर मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ४०च्या स्पीडवर एकदम अ‍ॅक्सिलेटर दाब. आरपीएम वर पळाला आणि गाडी मागेच राहिली तर प्लेट संपली. डीलर म्हणेल सेटिंग करून देतो. करू दे, पण किमतीतून वजा करून मग.

रानवाट:
डस्टरवाला आलो. माझी ८५ पीएस आहे, २०१४ची, मुद्दाम ८५ घेतली होती. ८५ आणि ११० दोघांत १.५ चं तेच रेनॉचं डिझेल, पण ११०ला सहा गिअर, वेगळा टर्बो, हायवेला विमान. गावात आणि घाटात मात्र ८५ जास्त सरळ चालते, खालून ओढते. ११०चा क्लच पायाला जड लागतो, ट्रॅफिकमध्ये गुडघा बोलतो. चालवून बघ मग ठरव.

खड्ड्यातला आराम म्हणशील तर या पैशात डस्टरला तोड नाही. २०५ एमएम क्लिअरन्स, सस्पेन्शन असं की खराब रस्ता आला की बायको म्हणते आता जरा बरं वाटतंय. डिकी ४७५ लिटर, ब्रेझावाल्यांनी गणपतीचं सामान आमच्याकडे पाठवा. मात्र ४.३ मीटर लांब आहे, चिपळूणच्या बाजारात पार्किंगला घाम फुटेल.

पण एक गोष्ट अजिबात विसरू नको. हिला टायमिंग बेल्ट आहे. सर्व्हिस बुकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात, जे आधी होईल तेव्हा बदलायचा, टेन्शनर आणि वॉटर पंपसकट. २०१६ची गाडी म्हणजे किलोमीटर कमी असले तरी वर्षं केव्हाच उलटली. बिल दाखवलं नाही तर बदललेला नाही असंच धरून चाल. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग हेड उघडण्याशिवाय गत्यंतर नाही. सव्वाचारची गाडी तुला बेल्ट, क्लच, चार टायर धरून किती पडते ते आधी मांड. डस्टर स्वस्त का मिळते त्याचं उत्तर तिथेच आहे, गाडी वाईट म्हणून नाही. डिझेल २०२०ला बंद झालं, लोक घाबरतात, म्हणून भाव पडलाय. ज्याचा मेकॅनिक चांगला आहे त्याची चैन आहे.

स्मिता_नाशिक:
इकोस्पोर्ट डिझेल, २०१८. सेकंडहँडच घेतली होती, आता १ लाख १० हजार झाले. फोर्डने सप्टेंबर २०२१ला भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं तेव्हा आमच्याकडे पण सुतक होतं, सासऱ्यांनी तर विकून टाक म्हणून धोशा लावला होता. पण सर्व्हिस चालूच ठेवली त्यांनी आणि माझी गाडी आजतागायत कधी पार्टसाठी अडकून पडलेली नाही. १.५ डिझेल, १०० पीएस, कसाऱ्याला ट्रक ओव्हरटेक करताना धाकधूक होत नाही. स्टिअरिंग आणि दरवाजाचा तो ठप्प आवाज, बस्स.

फक्त तुमच्या गावापासून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे ते बघा. माझ्यासाठी नाशिकमध्येच आहे म्हणून मी हे बोलतेय, चिपळूणला राहत असते तर कदाचित घेतली नसती. मागे जागा कमी आहे, सासूबाई मागे बसल्या की पुढची सीट सरकवावी लागते. आणि कुणी एक लिटरची इकोबूस्ट पेट्रोल स्वस्तात देतोय म्हणाला तर जरा दमानं, तिचा टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो, ऑइल चुकीचं किंवा उशिरा घातलं की बेल्टच झिजून त्याचा चुरा ऑइल पंपाच्या जाळीत बसतो. आधीच्या मालकाने कुठलं ऑइल घातलं हे तुम्ही कसं शोधणार?

आडवाटेचा:
माझ्या मेहुण्याने गेल्या वर्षी एक कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेतली, मॉडेलचं नाव घेत नाही, लगेच फॅन क्लब धावून येतो. एका मोठ्या, जाहिरातीवाल्या विक्रेत्याकडून, भला मोठा तपासणी रिपोर्ट, शेकडो पॉइंट, सगळे हिरवे. घरी आणल्यावर पंधरा दिवसांत टायर बघितले तर एका बाजूने खाल्लेले. टायरवर चार आकडी कोड असतो ना, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, त्यावरून कळलं की गाडी २०१९ची आणि पुढचे दोन टायर २०१६चे, म्हणजे विकण्यापुरते कुठूनतरी आणून घातलेले. मग सर्व्हिस सेंटरला नंबर टाकून जुनी हिस्ट्री काढली, शेवटच्या नोंदीला मीटर जेवढं होतं त्याच्यापेक्षा विकताना २६ हजार कमी. रिपोर्टवाला म्हणतो आम्ही मीटरवर दिसतं तेच लिहितो.

गाडी तशी पळते, तक्रार नाही, पण भाव गेला ना अंगावर. पैसे द्यायच्या आधी हिस्ट्री काढा एवढंच. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर ४० हजार, असं काही दिसलं की तिथूनच मागे फिरा.

कागदी_घोडे:
आरटीओचं काम करतो, माझं थोडक्यात. आरसीवर बँकेचा बोजा आहे का बघा, असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत. फॉर्म २९, ३० वर सह्या. डीलर म्हणतो टीटी पेपरवर (ट्रान्सफरच्या फॉर्मवर) सह्या करून ठेवा, नाव नंतर चढवू, ते "नंतर" वर्षभर येत नाही आणि तोवर चलन पहिल्या मालकाला जातं. ट्रॅफिक पोलिसांच्या महाट्रॅफिकवर आधीची चलनं बघून घ्या, विकणाऱ्याकडून भरून घ्या. विमा १४ दिवसांत नावावर करायचा. २०१९च्या एप्रिलआधीची गाडी म्हणजे एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) बसवलीय का तेही बघा.

आणि डीएल (दिल्ली) किंवा एचआर (हरियाणा) पासिंगची डिझेल फार स्वस्त दिसली तर कारण असं की दिल्ली आणि आसपासच्या भागात दहा वर्षांवरच्या डिझेलवर बंदीची तलवार बरीच वर्षं आहे, म्हणून तिकडच्या गाड्या इकडे येतात. इकडे आणल्यावर एनओसी, इथला रोड टॅक्स नव्याने, सगळं धरलं की स्वस्त राहत नाही.

पुण्याचा_पंत:
अजून एक भर. बीएस-६ (नवीन प्रदूषण नियमांच्या) डिझेलच्या मोहात पडू नका कुणी नुसतं नवीन वर्ष बघून. त्यांना डीपीएफ असतो, सायलेन्सरमधली काजळी अडवायची जाळी. ती जाळायला गाडी सलग वेगात पळावी लागते. रोज दोन-चार किलोमीटर बाजारात फिरवणाऱ्याची जाळी भरते, लाईट लागते, खर्च निघतो. बीएस-४ ब्रेझाला ती भानगड नाही, एवढं मात्र मान्य करतो.

डिझेल_अण्णा:
पंत आज चक्क ब्रेझाच्या बाजूने, स्क्रीनशॉट काढून ठेवा रे कोणीतरी.

कुंभार्लीकर:
अपडेट देतो. रविवारी कोल्हापूरला जाऊन आलो, मामाच्या ओळखीचा फिटर बरोबर नेला. सीट बेल्ट पाचही ओढले, डीलरचा पोरगा बघतच राहिला, पण स्वच्छ निघाले. स्टेपनीखाली गाळ नाही, गंज नाही. पहिला मालक गडहिंग्लजचा, त्याच्याशी फोनवर बोललो, गाडी पुराच्या वेळी तिकडेच घरी होती म्हणाला, आणि पॉलिस्या व्हॉट्सअपवर पाठवल्या, बोनस सलग चढलेला आहे. सर्व्हिस हिस्ट्री ६४ हजारापर्यंत कंपनीत, प्रत्येक दहा हजाराला. तिथून पुढे दुसऱ्या मालकाने बाहेर केली, बिलं फक्त दोन. थंड इंजिनला चेनचा आवाज नाही. क्लच मात्र चौथ्याला घसरतोय, फिटर म्हणाला पाच-सात हजार किलोमीटर काढेल. टायर २०५/६०, १६ इंची, चारही २०१७चेच, म्हणजे गाडीबरोबर आलेले, नक्षी दिसतेय अजून पण कडेला चिरा आहेत. एअरबॅग दोन आहेत, ऑप्शनलवालीच निघाली.

डस्टर बघायला पुण्याला जायचं मन नाही आता, बेल्टचं बिल विचारलं तर मालक म्हणाला "बदललाय बहुतेक".

डीलर ५.६०ला आलाय. घेऊ?

दहाबाराचा_पाना:
चिरा पडलेले टायर म्हणजे नक्षी कितीही असू दे, चारही टाकून दे, घाट आहे तुला. क्लच सेट आणि टायर मिळून ६० हजाराच्या आसपास धर, कुठल्या कंपनीचं घालतोस त्यावर थोडं इकडं-तिकडं. म्हणजे ५.६०ची गाडी तुला सव्वासहाला पडतेय, ट्रान्सफर आणि विमा अजून वेगळा. ५.३०ला तोड, क्लच घसरतोय ते त्याच्याच माणसासमोर परत चालवून दाखव, तोंडी सांगू नको. ५.३५ला पण मोकळा झाला तर घे, मी घेतली असती.

घेतल्यावर पहिलं काम, मधल्या २८ हजाराची दोनच बिलं आहेत म्हणजे आत काय ऑइल आहे देव जाणे. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर, एअर फिल्टर सगळं एकदम बदल. मग दोन-तीन हजारानं परत एकदा ऑइल, तेवढी काजळी निघू दे. इजीआर व्हॉल्व्ह (धूर परत इंजिनात सोडणारा, त्यात काजळी साठते) साफ करून घे.

रानवाट:
"बदललाय बहुतेक" 😀 बरं झालं नाही गेलास. आमच्या गाडीला असले मालक भेटतात आणि नाव गाडीचं खराब होतं.

स्मिता_नाशिक:
टायर मात्र लगेच बदला हो, पगार झाल्यावर वगैरे नको. पावसाळ्यात कुंभार्ली आणि आठ-नऊ वर्षांचे टायर, नको वाटतं ऐकूनच.

कुंभार्लीकर:
पाना दादा, ५.४०वर अडलंय, म्हणतो त्याच्या खाली नाही, हवं तर दोन टायर मी घालून देतो. दोन नवीन, दोन जुने असं चालतं का? की पैसेच कमी करून मागू?

दहाबाराचा_पाना:
पैसे माग. तो कुठले टायर घालेल ते वर आडवाटेने सांगितलंच आहे.